सात सिटिंग झाल्या, हिरवं काही जाईना

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम, मी २७ वर्षांची आहे, पुण्यात जॉब करते. कॉलेजला असताना घोट्याच्या वर वेलीचा टॅटू काढला होता, काळी आउटलाइन, हिरवी पानं आणि दोन लाल फुलं. सात महिन्यांपासून लेसर घेतेय, दर चार आठवड्यांनी, म्हणजे सात सिटिंग झाल्या. क्लिनिकवाले म्हणाले होते पाचात साफ. काळं बरंच फिकं झालंय, लालही जवळपास गेलंय, पण हिरवं अजिबात हलत नाहीये आणि एका ठिकाणी कातडी पांढरट दिसायला लागलीये. चार महिन्यांनी लग्न आहे, सासरी काय वाटेल याचं टेन्शन आलंय. आता ते अजून सहाचं पॅकेज घ्या म्हणतायत. पैसे तर गेलेच पण रोज पाय बघून रडू येतं, आधी निदान टॅटू छान तरी दिसत होता. काय करू?

उत्तर: आधी त्या पांढऱ्या डागाचं बोलू, कारण मला वाटतं खरी भीती तीच आहे. लेसरने त्या जागचं रंगद्रव्य कमी होतं आणि कातडी पांढरट दिसते, हे कोड नव्हे आणि ते अंगभर पसरत नाही. आपल्या सावळ्या त्वचेत हे जास्त होतं कारण लेसरचा उजेड शाईसोबत मेलॅनिनही (म्हणजे कातडीचं रंगद्रव्य) ओढून घेतं. बरेचदा काही महिन्यांत रंग परत येतो, काही जणींचा पूर्ण येत नाही हेही खरं. एकदा त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवून घे आणि तोपर्यंत त्या जागेवर लेसर पूर्ण बंद.

आता हिरव्याचं. प्रत्येक रंगाला लेसरच्या उजेडाची वेगळी वेव्हलेन्थ, म्हणजे तरंगलांबी लागते, काळ्याला १०६४ नॅनोमीटर, लालला ५३२, आणि बऱ्याच क्लिनिकमध्ये क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं मशीन असतं त्यात हेच दोन असतात. हिरव्याला ७५५ चं अलेक्झांड्राइट किंवा ६९४ चं रुबी लेसर लागतं, म्हणून तुझं काळं-लाल गेलं आणि पानं तशीच राहिली. तू काही चुकीचं केलं नाहीस गं. क्लिनिकमध्ये जाऊन सरळ विचार, मशीन कुठलं, हिरव्यासाठी वेव्हलेन्थ कुठली वापरता. ७५५ किंवा ६९४ नसेल तर त्या सहा सिटिंगने पानांना फार फरक पडणार नाही, पॅकेज घेऊ नको. आणि दुसरीकडे असेल तरी आधी छोट्याशा जागेवर टेस्ट करून घे, कारण ही वेव्हलेन्थ मेलॅनिनही जास्त ओढून घेतं आणि तुझी कातडी आधीच एकदा दुखावलीये.

चार आठवड्यांचा गॅप मला अजिबात पटला नाही. लेसर फक्त शाईचे कण फोडतो, ते उचलून न्यायचं काम शरीरातल्या पेशींचं, आणि ते सिटिंग संपल्यावर पुढचे कित्येक आठवडे चालू असतं. आजीच्या हातावरचं तुळशीचं गोंदण बघितलंस का कधी, पन्नास वर्षांनीही असतंच, फक्त रेषा पसरलेल्या दिसतात. २०१८ साली फ्रान्समध्ये उंदरांवर अभ्यास झाला होता त्यात दिसलं की शाई गिळलेली पेशी मेली की सुटलेली शाई बाजूची नवी पेशी गिळते, म्हणून शाई हलत नाही. एवढ्या चिकट गोष्टीला वेळ द्यावाच लागतो. मिलानमध्ये ३५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ ला छापून आला, त्यात १० सिटिंगनंतर साधारण ४७ टक्के लोकांचे टॅटू गेले होते आणि १५ नंतर ७५ टक्के, आणि आठ आठवडे किंवा त्याहून कमी गॅप, पायावरचा टॅटू, काळा-लाल सोडून इतर रंग, सिगारेट, या सगळ्यांनी रिझल्ट कमी येतो असं दिसलं. यातल्या तीन गोष्टी तुझ्याकडे आहेत, मग पाचात साफ होईल असं कुणी सांगायलाच नको होतं, मला याचा खरंच राग येतो.

म्हणून लग्नापर्यंत एकही सिटिंग घेऊ नको. त्या दिवशी पायाला मेहंदी लागणारच आहे, डिझाइन घोट्याच्या वरपर्यंत घे, वेल तिच्यात मिसळून जाईल. फक्त काळी मेहंदी नको, त्यातल्या केमिकलने फोड येतात आणि लेसर झालेल्या कातडीवर तर नकोच, साधी भिजवलेली पानांची मेहंदी चालेल. पुढे लेसर घ्यायचं ठरलं तर मेहंदीचा रंग पूर्ण गेल्यावरच, आणि पायाला सनस्क्रीन रोज. दर दोन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी त्याच उजेडात फोटो काढ, रोज बघून फरक डोळ्याला कळत नाही.

आणि थांबावंसं वाटलं तर थांब. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी अर्धवट फिकं झाल्यावर थांबतात, काही जणी त्यावर नवीन डिझाइन काढून घेतात, फिक्या शाईवर ते सोपं जातं. होणाऱ्या नवऱ्याला आत्ताच दाखव आणि सांगून टाक, लपवायचं टेन्शन त्या पानांपेक्षा जास्त त्रास देतंय तुला असं पत्रावरून वाटलं.

प्रश्न: मॅडम, उजव्या हाताच्या आतल्या बाजूला जत्रेत नाव गोंदवलं होतं. एसएससी जीडीची, म्हणजे केंद्रीय सुरक्षा दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची मेडिकल दोन महिन्यांनी आहे. दर पंधरा दिवसांनी लेसर घेतला तर जाईल का?

उत्तर: नाही रे, दोन महिन्यांत नाही जाणार. जत्रेतली शाई बहुतेक काळी असते आणि ती लवकर फिकी होते हे खरं, पण पंधरा दिवसांनी परत मारलं तर फोड आणि व्रण, मग तो व्रणही डॉक्टरांना दिसणार. या भरतीत आतल्या बाजूचं गोंदण चालतं पण डाव्या हातावरच, कारण उजवा सॅल्यूटचा, आणि आकारही त्या भागाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी लागतो. नोटिफिकेशनमधला मेडिकलचा भाग आजच नीट वाच. एक सिटिंग आत्ता घे, पुढची आठ-दहा आठवड्यांनी, आणि पुढच्या भरतीचा हिशोब धरून चाल. मुलं चुना, ॲसिड, तापवलेला चमचा काय काय लावून येतात माझ्याकडे, कातडी जळते आणि नाव तरी वाचता येतंच, ते मात्र कृपा करून करू नको.