वाचकांचे प्रश्न : स्वस्त विमानतिकीट आणि माइल्सचा हिशेब

प्रश्न : आमची मुलगी फ्रँकफर्टला असते. आम्ही दोघेही निवृत्त असून वर्षातून एकदा मुंबईहून तिच्याकडे जातो. आजवर पाच वेळा जाणे-येणे झाले; दर वेळी जी कंपनी स्वस्त दिसली तिचे तिकीट काढले आणि माइल्सचे खाते कधी उघडलेच नाही. स्वस्त तिकीट नेमके कसे शोधावे आणि माइल्सचा आमच्यासारख्यांना काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माइल्स म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी तुमच्या खात्यात जमा करते ते गुण; पुरेसे साठले की त्यांवर तिकीट मिळते. आधी तिकीट, मग माइल्स, हा क्रम मनाशी पक्का ठेवा. माइल्स मिळतात म्हणून चार हजार रुपये जास्त मोजले, तर ते माइल्स फुकट मिळाले नाहीत, विकत घेतले.

तुम्ही निवृत्त आहात, म्हणजे तारखा तुमच्या हातात आहेत, आणि स्वस्त तिकिटाच्या बाबतीत याहून मोठे भांडवल नाही. गूगल फ्लाइट्स या भाडी शोधण्याच्या संकेतस्थळावर मुंबई-फ्रँकफर्ट घालून तारखांचा तक्ता उघडा. जाण्याची आणि येण्याची तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे केल्यावर भाडे कसे बदलते ते एका नजरेत दिसते. स्कायस्कॅनर या तशाच संकेतस्थळावर एक तारीख न देता पूर्ण महिना निवडता येतो. युरोपातला उन्हाळा, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ टाळून फेब्रुवारी-मार्च किंवा नोव्हेंबरचा दिवाळीनंतरचा काळ पाहिलात, तर फरक सहज कळेल. मार्ग ठरला की भाव कमी झाल्याची सूचना ईमेलवर येईल अशी सोय सुरू करून ठेवा आणि रोज पाहण्याचा ताण सोडून द्या. परदेशासाठी जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकत्र काढणे बहुधा स्वस्त पडते. देशांतर्गत प्रवासात तसा नियम नाही.

शोध या संकेतस्थळांवर घ्या, पण तिकीट शक्यतो विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर काढा. समजा, एखाद्या एजंटाच्या संकेतस्थळावर 52,000 आणि कंपनीकडे 53,200 रुपये दिसतात. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा: सुविधा शुल्क, सामानाचे पैसे, आसनाचे पैसे धरून आकडा किती होतो ते दोन्हीकडे वहीत लिहून काढा. फरक बहुतेक वेळा उरत नाही. उड्डाण रद्द झाले किंवा वेळ बदलली, तर कंपनी एजंटाकडे आणि एजंट कंपनीकडे बोट दाखवतो. या वयात, परक्या विमानतळावर तो मनस्ताप हजार रुपयांत परवडणारा नाही. मी स्वतः एकदा असा अकरा तास अडकलो होतो, म्हणून हे कळकळीने सांगतो.

आता माइल्स. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: गिऱ्हाईक परत यावे. तुमच्या मार्गावर एक सोय अशी, की लुफ्तान्सा आणि एअर इंडिया या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या गटात आहेत. एअर इंडिया 2014 मध्ये या गटात आली. त्यामुळे एअर इंडियाच्या महाराजा क्लब या माइल्स योजनेचे एक खाते उघडून, लुफ्तान्साने गेलात तरी तोच क्रमांक तिकिटावर घालता येतो. मात्र आखाती कंपनीने दुबईमार्गे गेलात, तर ते माइल्स तिच्या वेगळ्या खात्यात जातील. पाच प्रवासांचे माइल्स पाच ठिकाणी विखुरले, तर कुठल्याच खात्यात तिकिटापुरते साठत नाहीत आणि मुदत संपली की तेही जातात. खाते दोघांचे स्वतंत्र काढा, कारण माइल्स प्रवास करणाऱ्याला मिळतात, पैसे भरणाऱ्याला नाही.

तिकिटावर भाड्याच्या श्रेणीचे एक इंग्रजी अक्षर असते. भागीदार कंपनीच्या विमानाने जाताना त्या अक्षरावर माइल्स किती मिळणार ते ठरते आणि अगदी स्वस्त भाड्यावर कधी कधी काहीच मिळत नाही. योजनेच्या संकेतस्थळावर याचा तक्ता असतो. तिकीट काढण्यापूर्वी तेवढा पाहा.

आणि नाव! आपल्याकडे पासपोर्टमध्ये पहिल्या नावाला वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते. माझ्या आत्याच्या पासपोर्टवर ‘मंगला दत्तात्रय’ असे होते, बोर्डिंग पासवर मधली जागा गाळून ‘मंगलादत्तात्रय’ असे एकच लांबलचक नाव छापून आले, आणि माइल्सच्या खात्यात तिने नुसते ‘मंगला’ भरले होते. नाव जुळेना, माइल्स जमा होईनात. बोर्डिंग पास डब्यात जपून ठेवले होते म्हणून नंतर अर्ज करून ते मिळवता आले. खाते उघडताना पासपोर्टवर आहे तसेच नाव भरा आणि माइल्स जमा झाल्याचे दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. मागच्या प्रवासांसाठीही विचारून पाहा. मात्र अशी मागणी करण्याची मुदत काही महिन्यांचीच असते.

प्रश्न : क्रेडिट कार्डावर खरेदी करून माइल्स किंवा पॉइंट्स साठवावेत का? एका पॉइंटची किंमत कशी ओळखायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दर महिन्याचे पूर्ण बिल वेळेवर भरत असाल तर जरूर साठवा, नसाल तर या वाटेला जाऊ नका. थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि कुठल्याही योजनेतले पॉइंट्स ते भरून काढू शकत नाहीत.

किंमत काढणे सोपे आहे. समजा, मुंबई-दिल्लीचे तिकीट रोखीने 6,500 रुपयांना आहे आणि तेच 8,000 पॉइंट्स अधिक 1,500 रुपये कर भरून मिळते. म्हणजे 8,000 पॉइंट्सनी 5,000 रुपये वाचवले. एका पॉइंटला साधारण 62 पैसे पडले. हाच हिशेब कार्डाच्या वस्तूंच्या यादीतील मिक्सर-टोस्टरवर करा, बहुधा त्याहून बरेच कमी निघतील. ‘मोफत’ तिकिटावरही कर आणि शुल्क रोख भरावे लागते हे ध्यानात असू द्या. आणि पॉइंट्स वर्षानुवर्षे साठवून ठेवू नका. ते तुमच्या बँकेतले पैसे नाहीत. एका तिकिटाला किती पॉइंट्स लागतील हे कंपनी हवे तेव्हा बदलू शकते. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या विमानांसाठी माइल्स साठवलेल्यांचा मूळ बेतच कोलमडला होता.

प्रश्न : मी सावंतवाडीला राहतो. गोव्याहून मुंबईचे भाडे शोधताना मित्राला एक आकडा दिसतो आणि मला दुसरा. ब्राउझरची खासगी (शोधाची नोंद न ठेवणारी) विंडो उघडून शोधल्यास भाडे कमी दिसते, हे खरे आहे का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खासगी विंडोने भाडे उतरत नाही. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा भाव दिसू लागतो, आणि दोन शोधांच्या मधल्या वेळात एवढेच घडलेले असते. एकदम चार तिकिटे मागितली आणि स्वस्त गटात तीनच शिल्लक असली, तर चौघांनाही वरचा भाव दाखवला जाऊ शकतो. म्हणून आधी एका प्रवाशाचे भाडे पाहा, मग चौघांचे.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण असू शकते. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा संकेत जीओआय, तर जानेवारी 2023 पासून सुरू झालेल्या मोपाचा जीओएक्स. तुमच्या मित्राने एक निवडला असेल, तुम्ही दुसरा. सावंतवाडीहून मोपा अगदी जवळ आहे. दाबोळीचे तिकीट सहाशे रुपयांनी स्वस्त दिसले, तरी टॅक्सीचे भाडे त्यात मिळवून मगच ठरवा.