सबडक्शन झोनच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांसाठी

सबडक्शन झोन म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो ती जागा; तिथे समुद्रतळावर खोल खंदक पडतो. सगळ्या जगातले असे खंदक एकदम कवेत घेऊ नकोस. एकच मोहीम धर: 2011 च्या तोहोकू भूकंपानंतर, 2012 मध्ये ‘चिक्यू’ जहाजाने जपान खंदकात केलेलं खोदकाम. जवळपास सात किलोमीटर पाणी, त्याखाली आणखी साडेआठशे मीटर, आणि सापडला काय, तर पाच मीटरहूनही पातळ असा निसरडा चिकणमातीचा थर! भूकंपात या थरावरून समुद्रतळ सुमारे 50 मीटर सरकला होता.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- भूकंपाच्या आकड्यावरूनच त्सुनामी ठरवणं. समुद्रतळ किती उचलला, ते आधी बघ.
- परदेशी गटांना ‘सामील करून घ्या’ अशा मेल टाकणं. त्यापेक्षा त्यांच्या खुल्या नोंदी वाचून एक नेमका प्रश्न विचार, उत्तर येतं.

मॉडेलिंग सध्या राहू दे. मकरान, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतचा सबडक्शन झोन, मात्र वाच. तिथली 1945 ची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.