जुन्या जिप्सीला घरच्या घरी मडफ्लॅप बनवून कसे बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की जुनी मारुती जिप्सी घेतली, 215/75 आर 15चे टायर चढवले आणि तेव्हापासून दारं, मागचे लाइट, नंबरप्लेट सगळं चिखलानं लिंपून निघतंय. चिखल अडवायला चाकामागे लटकवायचे तयार फ्लॅप या रुंद टायरला पुरत नाहीत, तर घरी करता येतील का? येतील. रविवारचा एक दिवस पुरतो. माझ्या 2004च्या जिप्सीला गेले सहा पावसाळे घरचेच फ्लॅप आहेत.

रबर कापायला घेण्याआधी एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा: जोराची ओढ बसली तर फ्लॅप सुटला पाहिजे, पत्रा फाटता कामा नये. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. 10 मिमी जाड पट्टा, 8 मिमीचे चार बोल्ट, वरून लोखंडी पट्टी, सगळं एकदम भक्कम. मढे घाटाच्या बाजूला, केळदच्या पुढे एका ओढ्यात दगडावरून रिव्हर्स घेताना मागच्या डाव्या फ्लॅपचं टोक टायर आणि दगडाच्या मधे सापडलं. रिव्हर्समध्ये चाकाची मागची बाजू वरून खाली फिरते, त्यामुळे टायर फ्लॅपला आपल्याखाली ओढतच गेला. उतरून पाहिलं तर रबराला ओरखडा नाही, बोल्ट जागच्या जागी, आणि फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड वीतभर खाली वाकून आलेली. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री 2019मध्ये थांबली. आता जो पत्रा आहे तो जपायचा आहे, म्हणून हे इतकं सांगतोय.

माल म्हणून सगळ्यात चांगला कन्व्हेअर बेल्टचा तुकडा. खडी क्रशरवर उतरवलेले जुने पट्टे असतात. पुण्याकडे असाल तर वाघोली, मोशीच्या बाजूला चौकशी करा, भंगारवाल्याकडेही मिळतात. 5 ते 6 मिमी जाडीचा, आत कापडाचे थर असलेला घ्या. त्याचा एक फ्लॅप साधारण पाऊण किलोचा होतो, तेवढं वजन फेंडरची कड आरामात पेलते. ट्रकच्या ट्यूबचं रबर फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते इतकं लुसलुशीत असतं की गाडीनं थोडा वेग घेतला की मागे उडून आडवं होतं आणि चिखल खालून निघून जातो.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. रुंदी टायरपेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे तुमच्या टायरला साडेदहा इंच. खालची कड जमिनीपासून 9 ते 10 इंचांवर ठेवा. फ्लॅप टायरच्या जितका जवळ, तितका तो आखूड चालतो, कारण चिखल टायरवरून सुटून वर-मागे पसरायच्या आतच अडतो. पण पुढच्या चाकांना फार जवळ नेता येत नाही. पुठ्ठा चिकटपट्टीनं लावून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग एक चाक मोठ्या दगडावर चढवून पुन्हा फिरवा, कारण सपाट जागेवर न घासणारा फ्लॅप चाक वर दाबलं गेलं की घासतो. सस्पेन्शनचे पाटे कडक असले तरी ही तपासणी सोडू नका. दीड-दोन इंच मोकळे राहिले की पुरे. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तिथे पुठ्ठ्यावरच कोपरा कापून टाका.

कापताना कटरच्या पात्यावर साबणाचं पाणी सोडत राहा. कोरडं पातं रबरात अडकतं आणि घसरून हातावर येतं. एका दमात कापायला जाऊ नका, त्याच रेघेवरून पाच-सहा वेळा पातं फिरवा. भोकांसाठी ड्रिल नको. रबर ड्रिलभोवती आवळतं आणि भोक वेडंवाकडं होतं. चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तसा पोकळ पंच लाकडी ओंडक्यावर ठेवून हातोडीनं मारा. कापलेल्या कडांना पंक्चरचं सोल्यूशन लावा, नाहीतर पाणी कापडाच्या थरात शिरतं आणि पट्टा सुटायला लागतो.

आता सुटण्याची युक्ती. वरच्या कडेला तीन भोकं घ्या, आणि प्रत्येक भोकापासून वरच्या कडेपर्यंत भोकाच्याच रुंदीची खाच कापा, म्हणजे भोक वरून उघडं होईल. बोल्ट 6 मिमीचे. फ्लॅप फेंडरच्या आतल्या कडेला लावून त्यावर 25 बाय 3 मिमीची लोखंडी पट्टी ठेवा, मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घालून आवळा. फ्लॅप फक्त पट्टीच्या दाबावर धरलेला राहतो. रोजच्या धक्क्यांना हलत नाही, पण टायरनं खाली खेचला की खाचांतून सरकून निघून येतो. बोल्ट आणि पट्टी गाडीवरच राहतात, तुम्ही फ्लॅप उचलून झटकायचा आणि पुन्हा सरकवायचा. माझा आजवर तीनदा असा निघाला, पत्र्याला काहीही झालं नाही.

शक्य तिथे कडेवरची आधीची भोकं वापरा. नवं भोक पाडलंच तर त्याच्या कडेला रेड ऑक्साइड प्रायमर दोन हात लावा आणि वाळल्यावरच बोल्ट घाला. कोकणातल्या पावसात उघड्या भोकातून धरलेला गंज पुढच्या मोसमापर्यंत रंग फुगवून बाहेर येतो. पट्टीलाही तोच प्रायमर.

बेल्टला रुळावर फिरून एक बाक आलेला असतो. फ्लॅपचं खालचं टोक टायरकडे वळेल असा तो बसवा; वाऱ्यानं फ्लॅप मागे रेलतो आणि सरळ होतो. उलटा लावला तर तो उडतच राहील.

फ्लॅपच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक भोक पाडून नायलॉनची दोरी बांधून ठेवा. दगडधोंड्यांचा रस्ता सुरू झाला की मागचे दोन्ही फ्लॅप वर उचलून दोरी बॉडीच्या हुकाला अडकवायची. डांबरी रस्त्यावर आलात की लगेच सोडा, विशेषतः मागे आणखी गाड्या असतील तर. तुमच्या टायरनं उडवलेली खडी त्यांच्या काचेवर जाते.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर तिन्ही नट पुन्हा तपासा. दाबाखाली रबर थोडं बसतं आणि पट्टी सैल पडते. गाडी धुताना पट्टीच्या मागे साचलेली माती पाण्याच्या जोरानं काढा, कारण सगळ्यात जास्त वेळ ओल तिथेच टिकते.