‘बोल ना, बोल’ म्हणण्याआधी

मुलांच्या बोलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देते आहे. पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न मला वाचा-उपचाराच्या खोलीत जवळजवळ रोज ऐकायला मिळतो.

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. ‘चप्पल आण’ म्हटलं की आणतो, सगळं कळतं. पण शब्द मोजून सात-आठ. बाकी सगळं बोट दाखवून ‘अं अं’. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले. रोज वेखंड उगाळून जिभेला लावतात. थांबू का? – एक आई, नाशिक

थांबू नका. मुलगे बोलण्यात मुलींच्या थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक थोडक्या महिन्यांचा. दोन वर्षांच्या सुमारास साधारण ५० शब्द आणि ‘बाबा गेला’, ‘अजून दूध’ अशा जोड्या यायला लागतात. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपसूक बरोबरीला येतात. पण तुमचा मुलगा त्यांच्यातला आहे का, हे नुसती वाट बघून कळत नाही. आणि बाबा उशिरा बोलले असतील तर ते तपासून घ्यायचं आणखी एक कारण आहे, निर्धास्त व्हायचं नव्हे.

पहिलं काम कानांचं. ‘दार वाजलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतंच’ असं बहुतेक आईबाबा सांगतात. दार मोठ्यानं वाजतं हो. ‘स’, ‘त’, ‘क’ हे आवाज बारीक असतात. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि त्यांना बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. बेरा ही ऐकू येतं का ते बघायची चाचणी मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी मोफत होते. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

‘सगळं कळतं’ हेही एकदा पडताळून बघा. ‘चप्पल आण’ म्हणताना आपली नजर चपलेकडे जाते, हात तिकडे वळतो, बाहेर जायची वेळ झालेली असते. मूल हुशार असतं, ते तेवढ्यावरून ओळखतं. आता त्याच्याच डोळ्यांत बघत, हात न हलवता, दुसऱ्या खोलीतली उशी मागा. आणली तर छान. नुसता बघत राहिला तर तपासणीच्या वेळी हे आवर्जून सांगा.

वेखंडानं शब्द येत नाहीत, तो बंदच करा. पण आजींना त्याहून मोठं काम द्या. मांडीवर घेऊन तळहातावर मोराला दाणे टिपायला बोलावण्याचा खेळ त्यांना येत असेलच. दोनदा मोर ‘भुर्र’ उडवायचा. तिसऱ्यांदा हात वर नेऊन मध्येच थांबायचं आणि मनात पाच अंक मोजायचे. तो तोंडाकडे बघेल, हात ओढेल, कदाचित ‘भु’ म्हणेल. काहीही केलं तरी मोर लगेच उडवा. आवाज काढला की काहीतरी घडतं, हे मुलाला इथे कळतं. ‘म्हण, पाणी म्हण, मग देते’ अशी अडवणूक मात्र नको. तहानलेलं मूल त्यानं फक्त रडतं.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलीला एबीसीडी, सगळे रंग आणि मोबाइलवरची इंग्रजी गाणी तोंडपाठ आहेत. सगळे कौतुक करतात. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेते, मागत नाही. जेवण मोबाइलशिवाय उतरत नाही. – एक आई, सोलापूर

तुम्हाला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय. पाठ म्हणणं वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं. मोबाइल तिला गाणं ऐकवतो, पण ती गप्प राहिली तरी तो पुढे जातच राहतो. तिची पाळी कधी येतच नाही.

तीन गोष्टी आठवडाभर बघा. हाक मारली की वळते का? आवडलेली वस्तू नुसती दाखवायला, ‘ते बघ’ अशा अर्थानं, बोट करते का? हात धरून नेताना तुमच्या तोंडाकडे बघते का? यातलं काही कमी वाटलं तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना याच महिन्यात दाखवा. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आली तरी घाबरून लांबवू नका, या वयात सुरू केलेली मदत फार उपयोगी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून जास्त पडदा नको, कमी तितकं चांगलं. जेवणापासून सुरुवात करा. पहिले तीन-चार दिवस ती रडेल, घास कमी जातील. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. वरणभात कालवताना ‘गरम गरम, फू कर’ म्हणा आणि थांबा.

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाला गोष्ट वाचून दाखवायला बसलो की पुस्तक ओढतो, उलटं धरतो, पानं भराभर उलटतो. दोन ओळी पुऱ्या होऊ देत नाही. वाचनाचं वय झालं नाही का? – एक आजोबा, सातारा

वय झालंय आजोबा, फक्त ओळी वाचायचं नाही. पुस्तक त्याच्या हातात द्या, पानं त्यालाच उलटू द्या. जिथे त्याचं बोट थांबेल, तिथे आपण बोलायचं. असं:

तो बोट ठेवतो : ‘भू.’
तुम्ही : ‘हो, भूभू. भूभू झोपलाय.’ इथे थांबा.
तो : ‘जो.’
तुम्ही : ‘जोजो करतोय. खाटेखाली जोजो करतोय.’

त्याच्या एका शब्दात तुम्ही एक-दोन शब्द घातलेत, एवढंच. ‘हे काय आहे? सांग, काय आहे?’ असं दर पानाला विचारलं की पुस्तकाची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. प्रश्न दोन-अडीच वर्षांनंतर, तेही ‘आता हा काय करेल?’ अशा धाटणीचे. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांवर महिनाभर हे करून पाहिलं. मुलांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांत वाचन जवळपास सारखंच होत होतं. ज्या घरांत मुलाला बोलतं करत, त्याचं वाक्य वाढवत वाचलं, ती मुलं बोलण्यात पुढे गेली.

तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तर वीस वेळा घ्या. आणि एक पुस्तक घरी करा : जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, भोकं पाडून ओवलेली सुतळी, त्यावर त्याचा पेला, अंगणातलं जास्वंद, आजीचा चष्मा, तुमची सायकल यांचे फोटो. तुमच्या सायकलीबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं नक्की काहीतरी असेल.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला असतो. घरी मराठी, सांभाळणाऱ्या मावशींशी कन्नड, शाळेत इंग्रजी. तीन वर्षांचा मुलगा तिन्हींची मिसळ करतो. शाळेनं घरीही इंग्रजीच बोला असं सांगितलं आहे. – एक बाबा

मराठी सोडू नका. दोन-तीन भाषांमुळे बोलण्याला खीळ बसत नाही. शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांचे मिळून मोजा. ‘मला नीरु दे’ म्हणणारा मुलगा पाण्यासाठी कन्नड शब्द वापरतोय, त्यात गोंधळ नाही. तुम्ही ‘हं, पाणी देतो’ म्हणा आणि द्या. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, रात्री अंधारात गोष्ट रचता येते, त्या भाषेतच मुलाला भरपूर वाक्यं मिळतात. आईबाबांनी अडखळत बोललेलं इंग्रजी त्याची जागा घेऊ शकत नाही. शाळेला हे शांतपणे सांगा.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी ‘राजा’ला ‘लाजा’ आणि ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणते. शिवाय ‘मी येली’, ‘मी चित्र करलं’. प्रत्येक वेळी सुधारून घेऊ का? – एक आई, चिपळूण

हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ‘र’ आणि ‘ळ’ उशिरा येणारे आवाज. ‘लाजा’साठी आणखी वर्षभर धीर धरा. ‘क’चा ‘त’ होणं मात्र चौथ्या वर्षापर्यंत सुटायला हवं, तेवढ्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. बहुधा थोड्या बैठकांत काम होतं. तोवर पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव कावळा’ नको.

आणि ‘येली’, ‘करलं’ या तर खुणा आहेत तिच्या हुशारीच्या! ‘बसली’, ‘धरलं’ यांचा नियम तिनं स्वतः शोधला आणि ‘ये’, ‘कर’ला लावला, हे शब्द तिनं कुणाकडून ऐकलेले नाहीत. ‘करलं नाही, केलं म्हण’ म्हणू नका. ‘अगं, किती छान चित्र केलंस! कुणाचं केलंस?’ एवढं पुरे. ‘येली’ एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. वर्षभरात ते तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.