डॅन्यूबकाठच्या रानात, पाण्याच्या अंदाजाने

प्रश्न : मे-जूनमध्ये मुलाकडे व्हिएन्नाला जाणार आहोत. तिथल्या डॅन्यूबकाठच्या जंगलात आणि कुरणांत पायी फिरायचं आहे. दोघंही साठीच्या पुढचे. पाऊस नसलेला दिवस निवडला की पुरे ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, तेवढ्याने भागत नाही. या दिवसांत आल्प्समधला बर्फ वितळतो आणि व्हिएन्नात लख्ख ऊन असतानाही नदी चढते. तुम्ही म्हणता ते रान म्हणजे डोनाऊ-आउएन राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९९६). तिथे पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत वरखाली होते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी नदीची पातळी ऑनलाइन पाहा. ती वाढत असेल तर पूरबांधावरूनच चाला. वाट सपाट आहे, फक्त सायकलींना जागा द्या. बांधाच्या नदीकडच्या अंगाला उतरू नका. पाणी आधी नदीच्या जुन्या फाट्यांत शिरतं, समोरची नदी लांब दिसत असतानाच परतीची वाट बुडते.

झाडं पाहताना उंचीकडे लक्ष ठेवा. वारंवार बुडणाऱ्या सखल पट्ट्यात पांढरा विलो (आपल्या वाळुंजाचा भाऊबंद) आणि पॉपलर. जेमतेम मीटर-दोन मीटर चढलात की ओक, अ‍ॅश, एल्म. जमिनीचा हा चढ पायांना जाणवतही नाही, झाडं मात्र तो चोख सांगतात.

कुरणांसाठी उद्यानाच्या लोबाऊ भागात जा. ग्रोस-एन्झर्सडॉर्फपर्यंत शहराची बस आहे. नदी जवळ असूनही इथली ‘हाइसलेंडे’ कुरणं रखरखीत असतात, कारण मातीच्या पातळ थराखाली गोटे आहेत, पाणी थांबतच नाही. १८७०-७५ मध्ये नदी सरळ केल्यावर इथला पूरही तुटला. या कोरड्या जमिनीवर मेमध्ये ऑर्किड फुलतात. वाट सोडून एकही पाऊल टाकू नका.

पहिल्या दिवशी जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर पुरेत. माणशी लिटरभर पाणी घ्या. पूर ओसरल्यावर आठवडा-दोन आठवडे डास फार असतात. चिखलातली अंडी पाणी चढताच फुटतात.

खरी काळजी गोचिडांची. त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्याच्या लशीचे पहिले दोन डोस साधारण एक ते तीन महिन्यांच्या अंतराने घेतात, तेव्हा डॉक्टरांना आत्ताच विचारा. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम रोगावर (हा जिवाणूंचा आजार) ही लस चालत नाही. फिकट रंगाची लांब पँट घाला, ती मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल चट्टा (लाइमची खूण) दिसला, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.