लोकप्रियतेची भरती निघत नाही

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा अकरावीत, विषय गणित. आता म्हणतो शाळा पुरे, जर्मनीच्या येन्स फोग्टसारखा रोड सायकलिस्ट, म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतींचा सायकलपटू होणार. टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची ती तीन आठवड्यांची टप्प्याटप्प्यांची शर्यत, न जिंकताही त्या माणसाला लोक डोक्यावर घेतात, मग मला का नाही? हे खूळ समजायचं की करिअर, असं तुम्ही विचारलंय.

पोराची आवड चांगली आहे हो! फोग्ट मलाही आवडतो. २०१० च्या टूरमध्ये पेरसूर्द नावाच्या घाटाच्या उतारावर तो आपटला, सायकल मोडली, टीमची गाडी पुढे निघून गेलेली. शेवटी आयोजकांकडची लहान मुलांच्या मापाची एक पिवळी सायकल मिळाली. हा सहा फुटांचा गडी गुडघे छातीला लावत तीच दामटत निघाला, पुढे स्वतःची मिळेपर्यंत. त्या दिवशी तो वेळेच्या आत पोचला. लोक प्रेम करतात ते यावर.

पण चिरंजीवांना एक विचारा: उरलेले दिवस तो काय करत होता? १९९७ ते २०१४ तो पगारी नोकर होता. कॅप्टनसाठी वारा अंगावर घ्यायचा, पुढे निसटलेल्या स्पर्धकांना गाठायचं, कॅप्टन जिंकला की आपण मागून यायचं. १७ टूर केल्या, त्यांत स्वतः जिंकलेले टप्पे दोन. आणि ही नोकरीही सहज मिळाली नव्हती. चौदाव्या वर्षापासून तो पूर्व जर्मनीच्या क्रीडाशाळेत घासला होता. निवृत्तीच्या वेळी, त्रेचाळिसावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तासाभरात ५१ किलोमीटरहून जास्त अंतर कापून विश्वविक्रम केला. तो दीड महिनाही टिकला नाही. लोकप्रियता त्याच्या पदरात पडली, त्यानं तिच्यासाठी अर्ज केला नव्हता.

आपल्याकडे तशा पगारी टीमच नाहीत म्हटलं तरी चालेल. सायकलवर पोट भरायचं तर वाट रेल्वे किंवा सैन्यदलांच्या स्पोर्ट्स कोट्यातून जाते. तिथे नॅशनल्समधली कामगिरी बघतात, आणि बारावीची मार्कशीटही बऱ्याच पदांना लागते. रस्त्याऐवजी ट्रॅकच्या, म्हणजे गोल धावपट्टीवरच्या शर्यती धरायच्या म्हटलं, तर इंदूरला बसून त्यांचा सराव होणार नाही. २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशात झाल्या, तरी ट्रॅक सायकलिंग दिल्लीत घ्यावं लागलं होतं. शाळा सोडायला मी साफ नाही म्हणेन. खेळातच राहायचं असेल तर बारावीनंतर ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्थेत शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. कोच, ट्रेनर, अगदी सायकलचा चांगला मेकॅनिकसुद्धा उपाशी राहत नाही.

भांडू मात्र नका. मनाई केलेली सायकल जास्त गोड लागते! त्याऐवजी तीन रविवार त्याला मंडलेश्वरच्या बाजूनं जाम गेटचा घाट चढू द्या, पहाटे, ट्रक वाढायच्या आत, आणि बाबांना गाडी घेऊन मागे राहू द्या. खालून वर किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं, नुसतं मोबाईलवर नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलनं पार करायची राइड, पूर्ण केल्याचं मेडल दाखवेल, त्यावर जाऊ नका. २०० किलोमीटरला तिथे साडेतेरा तास मिळतात, ती शर्यत नव्हे.

चौथ्या रविवारी वहीसकट त्याला घेऊन या. पोहे-जिलेबी माझ्याकडे.