पहिल्यांदाच युरोपच्या ग्रुप टूरला निघताय?

ताई, आईबाबांना घेऊन जाताय ना, मग सगळ्यात आधी बुटांचं बघा. नवेकोरे बूट तिकडे घालू नका, आत्तापासून रोज वापरून मऊ करून ठेवा, कारण रोम, प्रागला दगडी रस्ते आहेत आणि बस बरीच लांब थांबते, चालणं भरपूर होतं. बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट केबिन बॅगेत, पॉवर बँक पण तिथेच, चेक-इनमध्ये चालत नाही.

खाऊ जरूर न्या पण पेढे, तूप अजिबात नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवडा, मेथीचे खाकरे, शेंगदाण्याची चटणी घ्या, संध्याकाळी बसमध्ये भूक लागली की बरं पडतं.

स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राऊयोख हे डोंगरावरचं ठिकाण 3454 मीटर उंचीवर, तिथे जूनमध्येही बर्फ असतो. त्यासाठी एकच जाडजूड जॅकेट घेऊ नका हो, बॅग तिथेच भरते! थर्मल, स्वेटर, वर विंडचीटर असं घाला म्हणजे खाली इंटरलाकेन गावात उकडायला लागलं की एकेक काढता येतं.

टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, सुटी नाणी जवळ ठेवा.

आणि वेळ पाळाच. ड्रायव्हरला साडेचार तास बस चालवल्यावर 45 मिनिटांचा ब्रेक कायद्यानेच द्यावा लागतो, त्यामुळे आपण उशीर केला तर तो वेळ भरून निघत नाही, पुढचं ठिकाण घाईत उरकावं लागतं. टूर मॅनेजरचा नंबर आणि हॉटेलचं नाव कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, मोबाईल बंद पडू शकतो.